सामाजिक न्यायाच्या कामात करिअर करायचंय? सारखे येणारे प्रश्न

शिबिरात, कॉलेजच्या कार्यक्रमानंतर, रात्री उशिरा मेसेजवर, मुलंमुली साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. मी मराठवाड्यात काम करते त्यामुळे ऊसतोडीची उदाहरणं जास्त येतील. सगळं वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न वाचा, दुसरीकडचा संदर्भ असेल तिथे नंबर दिलाय.

१. समाजसेवा आणि सामाजिक न्यायाचं काम यात फरक काय? दोन्ही चांगलीच कामं ना?

चांगलीच, आणि कधी कधी एकच माणूस दोन्ही करतो. पण विचारायचा प्रश्न बदलतो. ऊसतोडीचं घ्या. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन साखर कारखान्यावर जाते, कोपीत, म्हणजे झोपडीत राहते. त्या कोपीतल्या पोरांना तुम्ही स्वेटर वाटले तर त्यांची थंडी गेली, छान झालं. पण उचल नवऱ्याच्याच नावावर का, बाई तेवढंच काम करते तरी तिचं नाव एकाही कागदावर का नाही, ती आजारी पडून एक दिवस बसली तर खाडा, म्हणजे दंड, का लागतो, आणि हंगाम बुडू नये म्हणून तिशीतच गर्भपिशवी काढून टाकायची वेळ का येते, हे सगळं स्वेटरच्या पलीकडचं आहे. २०१९ ला बीडमधल्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा विषय विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली, खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, पुढे ऊसतोड कामगारांना गावातूनच ओळखपत्र देण्याचा शासन निर्णय झाला. हे आपोआप नाही झालं, बायका बोलल्या, कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माहिती गोळा केली, पत्रकारांनी लावून धरलं. या अशा कामाला मी सामाजिक न्यायाचं काम म्हणते.

२. 'सिस्टिम बदलायची' असं सगळेच म्हणतात, पण प्रत्यक्षात कुठे बदललीय का?

बदललीय की, आणि आपल्याच राज्यात बदललीय, आपल्याला शाळेत शिकवत नाहीत एवढंच.

माझं आवडतं उदाहरण माथाडीचं. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मग त्याचा पीएफ कोण भरणार, रजा कोण देणार, अंगावर पोतं पडलं तर दवाखाना कोण करणार? मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, या लोकांनी हमाल संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातली युक्ती बघा, मंडळ काढलं, हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंद पण मंडळात, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही (ठरलेली जादा रक्कम) मंडळाकडे भरतो आणि मंडळ हमालाला मजुरी, पीएफ, बोनस असं सगळं देतं. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाही. एका हमालाला मदत करणं आणि हे मंडळ उभं राहणं, यात जे अंतर आहे ते म्हणजे सिस्टिम बदलणं.

दुसरं रोजगार हमीचं. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्या घरात आहे, आजीला विचारा. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा रेटा, यातून १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक, असं सांगणारा कायदा. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर जे २०० रुपये दिसतात ना, ते मुळात तिथून सुरू झालं. पुढे २००५ ला देशाचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

तिसरं पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांचं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या काही जणी या बायकांसोबत कचऱ्याच्या ढिगावर जाऊ लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या बायका शहराचं काम करताहेत पण शहर त्यांना चोर समजतं. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेबरोबर महापालिकेने करार केला. आता तीच बाई दारोदार जाऊन कचरा घेते आणि घरटी शुल्क घेते. करार वेळेत वाढवून मिळावा म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलंय हेही खरं. मिळालेलं टिकवायचं कामही याच करिअरमध्ये येतं, त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

३. एमएसडब्ल्यू केलंच पाहिजे का?

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. केलंच पाहिजे असं नाही. केलं तर फायदा आहे, दोन वर्षं फील्डवर्क होतं, ओळखी होतात, आणि सरकारी किंवा दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना ती डिग्री मागतात. मुंबईत टीस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३६ पासून आहे, निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून, तुळजापूरलाही टीसचा कॅम्पस आहे, शिवाय बऱ्याच जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत. फीबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल प्रवेशाआधी लेखी विचारा, फ्रीशिप (फी माफी) उशिरा आली आणि मध्येच पैसे भरायला सांगितले म्हणून शिक्षण सोडलेली मुलं मी पाहिलीत.

पण या क्षेत्राला वकील फार कमी पडतात. हिशेब नीट ठेवणारा माणूस तर शोधून सापडत नाही. जलसंधारणाला इंजिनिअर लागतो, आरोग्याला नर्स लागते, आकडेवारी बघणारा लागतो. तुमचं जे शिक्षण झालंय ते टाकून देऊ नका, त्यासकट या.

४. पगार किती मिळतो? खरं सांगा.

आकडा सांगत नाही कारण गावातली छोटी संस्था आणि मुंबईतली मोठी फाउंडेशन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण काय विचारायचं ते सांगते, आणि हे विचारायला लाजू नका.

नेमणूक पत्र मिळणार का? 'मानधन' म्हणताहेत का 'पगार', कारण मानधन म्हटलं की बऱ्याचदा पीएफ नाही, रजा नाही. हा प्रोजेक्ट कोणाच्या पैशावर आहे आणि कधीपर्यंत आहे, मार्चमध्ये संपत असेल तर एप्रिलमध्ये काय? गाडीचं पेट्रोल कोण देणार? रात्रीच्या बैठका असतील तर मुक्कामाची सोय काय? अपघाताचा विमा आहे का? फील्डवरचा माणूस दिवसभर टू-व्हीलरवर असतो, हा प्रश्न साधा वाटतो पण सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'समाजासाठी काम करताय, पैशाचं काय घेऊन बसलात' असं कुणी म्हटलं तर तिथे काम करू नका. जी संस्था मजुरांच्या किमान वेतनासाठी भांडते तिने स्वतःच्या कार्यकर्त्याला किमान वेतन दिलंच पाहिजे, यात मला काही अधलंमधलं दिसत नाही.

५. घरचे ठाम नाही म्हणतात. आईबाबांनी पोटाला चिमटा काढून शिकवलंय, कसं सांगू?

यात दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. घरी खाऊनपिऊन सुखी असतील आणि विरोध फक्त 'लोक काय म्हणतील' एवढाच असेल तर बसून बोला, दोन वर्षांची मुदत मागा, नेमणूक पत्र दाखवा, शक्य असेल तर त्यांना एकदा कामाच्या गावाला घेऊन या. बरेच आईबाप तिथली माणसं भेटली की निवळतात.

पण घरात तुम्हीच पहिले शिकलेले असाल, डोक्यावर कर्ज असेल, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं असेल तर आधी पगाराची नोकरी करा आणि त्याची अजिबात लाज बाळगू नका. त्यागाच्या गोष्टी बहुतेक वेळा पाठीशी घरदार असलेल्यांच्या असतात. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरातल्या मुलाला 'तू समाजासाठी सगळं सोड' असं सांगणं हाच एक अन्याय आहे. नोकरी करता करता काय करता येतं ते प्रश्न १० मध्ये आहे.

मुलींना लग्नाचा प्रश्न जास्त छळतो. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण ठरलेला पगार हातात येत असला की घरात तुमचं बोलणं वजनदार होतं, म्हणून मुलींनी तर बिनपगारी काम अजिबात घेऊ नये.

६. सुरुवात कुठून करू? फेलोशिप घेऊ का थेट एखाद्या संस्थेत जाऊ?

दोन्ही चालतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये 'निर्माण' सुरू केलं, तिथे अठरा ते पंचविशीच्या आसपासची मुलं 'मी नक्की कशासाठी जगू' या प्रश्नावर शिबिरं करतात. गांधी फेलोशिप, टीच फॉर इंडिया, एसबीआयची यूथ फॉर इंडिया, राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप, प्रदानमधली अॅप्रेंटिसशिप अशा वाटा आहेत. दरवर्षी अटी बदलतात, जाहिरात नीट वाचा.

फेलोशिपचा तोटा असा की वर्ष-दोन वर्षांत संपते, आणि गावाला दर जूनमध्ये नवा चेहरा बघावा लागतो. म्हणून फेलोशिप संपल्यावर त्याच भागात किंवा त्याच विषयात अजून दोन वर्षं राहता येतंय का बघा.

पहिल्या वर्षात काय शिकावं? सातबारा आणि फेरफार वाचता आला पाहिजे. शासन निर्णय म्हणजे जीआर शोधता आणि समजून घेता आला पाहिजे. ग्रामसभेला जाऊन नुसतं बसा, कोण बोलतं, कोण बोलत नाही, बायका कुठे बसतात, कोरम नसताना सह्या कधी घेतल्या जातात. तहसील कार्यालयात कुठल्या टेबलावर काय होतं ते पाठ पाहिजे. आणि इतिवृत्त लिहिता आलं पाहिजे, बैठक झाली त्याच रात्री. हे सगळं कोरडं वाटतं पण भाषण येणारे खूप आहेत, अर्ज नीट लिहिणारे कमी.

७. माहिती अधिकाराचा अर्ज करताना नेमकं काय लक्षात ठेवायचं?

कायदा २००५ चा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही (दाखल्याची प्रत जोडा). माहिती ३० दिवसांत, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही मिळाली तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको.

'असं का केलं' असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक कामाचं मस्टर (हजेरीपट), मोजमाप पुस्तिका, देयकाची प्रत. काय कागद आहेत हेच माहीत नसेल तर फाइल बघायची मागणी करा, तोही अधिकार आहे. दाखला, उतारा, प्रमाणपत्र अडलं असेल तर आधी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा, ते जास्त कामाचं पडतं. आणि वाळू, जमीन, टेंडर असा विषय असेल तर अर्ज एकट्याच्या नावाने करू नका, कारण प्रश्न १३ मध्ये.

८. संस्था, संघटना, ट्रस्ट, आंदोलन, सगळं एकच का?

नाही, आणि कुठे काम करायचं ते ठरवायच्या आधी हे कळलं पाहिजे. ट्रस्ट किंवा संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, विश्वस्त असतात, अनुदानावर किंवा देणगीवर चालते, कर्मचारी असतात. संघटना सभासदांची, सभासद वर्गणी देतात आणि निर्णयही त्यांचाच. कामगार संघटना नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदल्या जायच्या, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेखाली. आंदोलन म्हणजे एखाद्या प्रश्नाभोवती या सगळ्यांनी एकत्र येणं.

फरक कळतो तो पैशाच्या वेळी. देणगीदार म्हणाला की यंदा पाणी नको, स्किल ट्रेनिंग करा, तर संस्था वळते. सभासद वर्गणीवर चालणारी संघटना तशी वळत नाही, पण तिथे पूर्णवेळ कार्यकर्त्याला द्यायला पैसे कमी असतात. अनेक ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी चालवतात, लढणारी संघटना आणि शिक्षण-आरोग्य बघणारी संस्था. ही रचना मला व्यवहारी वाटते, फक्त हिशेब कडक वेगळे पाहिजेत.

९. मी शहरातली, सवर्ण घरातली, इंग्लिश मिडियमची. मला या कामाचा अधिकार आहे का?

काम करायचा आहे. पुढारीपण करायचा नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. तिथे देवाजी तोफा गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. बाहेरच्या माणसाने काय केलं, तर अभ्यासगट चालवायला मदत केली, कायदे समजावले, प्रश्न विचारले. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. एकाला जरी पटलं नाही तरी थांबायचं, बोलायचं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत हे गाव होतं.

म्हणजे तुमच्याकडे जे आहे, इंग्रजी, कायदा, कॉम्प्युटर, ओळखी, ते लोकांच्या हाताशी ठेवा. मंचावर, मीडियासमोर, मंत्र्यांच्या बैठकीत ज्याचा प्रश्न आहे तो बोलेल, तुम्ही कागद घेऊन शेजारी बसा. आणि जातीबद्दल वाचा, स्वतःच्या घरातल्या जातीबद्दल पण. वस्तीवर चहा प्यायला म्हणजे आपण जातीच्या बाहेर पडलो असं होत नाही.

१०. नोकरी सोडता येत नाही. सरकारी किंवा कंपनीच्या नोकरीत राहून काय करता येईल?

बरंच. खासगी नोकरीत असाल तर दर महिन्याला ठरावीक रक्कम एखाद्या संघटनेला द्या, कुठल्याही प्रोजेक्टला न बांधलेली, तिचं मोल मोठ्या देणगीपेक्षा जास्त असतं कारण त्यातून ऑफिसचं भाडं आणि कोर्टाच्या तारखेचा प्रवास निघतो. सीए असाल तर एका संस्थेचे हिशेब बघा. शनिवार-रविवारी वस्तीत 'काम' शोधत फिरू नका, त्याऐवजी एकच जबाबदारी वर्षभर धरा.

सरकारी नोकरीत वर्तणूक नियम लागू होतात (राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे), राजकीय पक्षाचं काम, सरकारी धोरणावर जाहीर टीका यावर बंधनं आहेत. पण खुर्चीतून होणारं काम फार मोठं आहे. आंध्रातले आयएएस अधिकारी एस. आर. शंकरन यांनी वेठबिगारांच्या सुटकेसाठी आणि दलित-आदिवासींच्या योजनांसाठी प्रशासनातूनच काम केलं, निवृत्तीनंतर मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्धच्या चळवळीमागे उभे राहिले, आणि पद्मभूषण नाकारला. एवढं मोठं नको, जातीचा दाखला हेलपाटे घालायला न लावता देणारा एक कारकून भटक्या-विमुक्तांच्या एका पालावर काय बदल घडवतो ते आम्ही जवळून बघतो.

११. सीएसआरचा किंवा परदेशी पैसा घ्यावा का?

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च: कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. शाळा, दवाखाना, पाणलोट याला हा पैसा चांगला मिळतो. पण जमिनीच्या केसेस, अॅट्रॉसिटीच्या केसेस, मजुरांची संघटना याला क्वचितच. त्यामुळे सगळं सीएसआरवर चालणारी संस्था हळूहळू हक्काची भाषा सोडून सुविधेच्या भाषेत बोलायला लागते, कुणी सांगत नाही तरी होतं ते.

परदेशी पैशाला एफसीआरए, २०१० चा कायदा, २०२० मध्ये कडक झाला: दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं, प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च नाही, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा पैसा देता येत नाही. शेवटच्या अटीने गावातल्या छोट्या संस्थांचं कंबरडं मोडलं, कारण त्यांना मोठ्या संस्थेमार्फतच पैसा यायचा.

घ्यावा का? माझं मत, वाटून घ्यावा. एकच देणगीदार सगळ्यात मोठा असू नये, आणि लढ्याचा खर्च लोकांच्या वर्गणीतूनच निघावा.

१२. मग स्वतःचीच संस्था काढू का?

पहिली चार-पाच वर्षं नको. सोसायटीला किमान सात माणसं लागतात (१८६० चा कायदा), महाराष्ट्रात वर सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद, मग दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकर सवलतीच्या नोंदी (१२ए, ८०जी म्हणतात त्या), सीएसआर घ्यायचा तर वेगळी नोंद. याच्यात तुमची उमेद खर्च होते. आपल्या तालुक्यात आधीच कोण काम करतंय ते बघा, त्यांच्यात सामील व्हा. त्या विषयावर खरंच कुणीच नाही असं दोन वर्षं फिरून कळलं, आणि सोबत लोक असले, तर जरूर काढा.

१३. धमक्या येतात का? पोलिस केस झाली तर पुढे सगळं संपलं का?

येतात, सगळ्यांना नाही पण येतात, आणि हे लपवणं बरोबर नाही. २०१० ला तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड पानसरे. 

म्हणून काही सवयी अंगी बाणवा. जोखमीचा अर्ज संघटनेतल्या चार-पाच जणांच्या नावाने, वेगवेगळ्या दिवशी. धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार, पोचसहित, अधीक्षकांना प्रत. कागदांची एक प्रत तालुक्याच्या बाहेर. कुठे जाताय ते एकाला तरी माहीत पाहिजे. मोर्चाची परवानगी, नोटिसा, सगळं एका फाइलमध्ये.

जमावबंदी मोडली म्हणून केस होणं हे आंदोलनात नेहमीचं आहे, त्याने आयुष्य संपत नाही, पण सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टला ती विचारली जाते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना मोर्चात पुढे उभं करायच्या आधी हे सांगणं संघटनेचं कर्तव्य आहे. अटक झाली तर २४ तासांत कोर्टापुढे नेलं पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे गावात फार कमी जणांना माहीत असतं.

१४. मी ज्या समाजात काम करते त्याच समाजातली आहे. जातपंचायतच विरोधात गेली, घरच्यांना वाळीत टाकलं. आता?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. बाहेरून आलेला माणूस संध्याकाळी परत जातो, तुम्हाला तिथेच लग्न-मयत करायचंय.

कायदा तुमच्या बाजूने आहे, सामाजिक बहिष्कार बंदी कायदा, २०१६ चा, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देवळात येऊ न देणं, लग्नाला बोलवू नका सांगणं, किराणा बंद करणं, हे त्यात येतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे लोक अशा प्रकरणात बरंच काम करतात, त्यांच्याशी बोला.

पण लगेच गुन्हा दाखल करायचा का, हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा, कारण बहिष्काराचा रोजचा त्रास त्यांना होतो. काही वेळा आधी नातेवाइकांपैकी दोन-तीन घरं आपल्या बाजूला वळवता येतात आणि मग पंचायतीचा धाक ओसरतो. पुरावे मात्र पहिल्या दिवसापासून जमवा. आणि काम थोडे महिने दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावं लागलं तर द्या.

१५. कायदा झाला तरी जमिनीवर काहीच बदललं नाही, मग एवढं करून काय उपयोग? यश मोजायचं कसं?

कायदा झाला की अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं जास्त वेळ खातं. मेंढा लेखाला २००९ ला हक्क मिळाला पण बांबू विकायला वाहतूक पास लागतो आणि तो वनखातं देईना. केंद्रीय मंत्री जयराम रमेश २०११ च्या एप्रिलमध्ये गावात आले तेव्हा कुठे पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हक्क कागदावर होता आणि अडला होता एका पावती पुस्तकापाशी. म्हणून कुठल्याही प्रश्नात विचारायचं, नेमकं कुठल्या टेबलावर, कुठल्या कागदाशी अडलंय?

मोजायचं तर 'सर्च'सारखं मोजा. गडचिरोलीच्या ३९ गावांत हजारामागे १२१ बालमृत्यू होते, गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तो आकडा ३० च्या आसपास आला. १९९९ ला ही पद्धत जगासमोर मांडली गेली आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात आली. त्यांनी सुरुवातीलाच प्रत्येक जन्म-मृत्यू मोजला म्हणून हे सिद्ध करता आलं.

पण सगळंच असं मोजता येत नाही. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वात खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेती पिकवली नाही. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने जायला ४९ साल उजाडलं. १९३५ मध्ये कुणी त्यांचा वार्षिक अहवाल मागितला असता तर त्यात काय लिहिलं असतं? देणगीदाराला तिमाही आकडे द्यावे लागतात, द्या. स्वतःसाठी मात्र वेगळ्या गोष्टी लिहून ठेवा: या वर्षी ग्रामसभेत पहिल्यांदा कोण बोललं, कुठला अर्ज आमच्याशिवाय लोकांनीच केला.

१६. संस्थेतच अन्याय होत असेल तर? बाहेर बोललं तर कामाची बदनामी होईल असं सांगतात.

कामाची बदनामी अन्यायाने होते, तक्रारीने नाही. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा संस्थांनाही लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक, तिची प्रमुख महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. हा कायदा ज्या लढ्यातून आला त्याची सुरुवात राजस्थानातल्या एका गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर तिच्या कामामुळे झालेल्या अत्याचारातून झाली, त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला. म्हणजे हा कायदाच आपल्यासारख्या कार्यकर्तीमुळे आहे, तो वापरायला कचरू नका.

पगार थकवणं, न केलेल्या प्रशिक्षणाच्या हजेरीवर सही मागणं, जातीवरून कामं वाटणं, हेही अन्यायच. खोट्या हजेरीवर सही करू नका, कुणीही सांगितलं तरी, हिशेबाची चौकशी झाली की सही तुमची असते.

१७. यातून राजकारणात जाणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. मृणाल गोरे गोरेगावच्या पाणीप्रश्नातून पुढे आल्या, १९६१ ला नगरसेविका, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार, 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनीच दिलं. नियम शेवटी सभागृहातच बदलतो. फक्त निवडणूक लढवायची ठरली की संस्थेतलं पद सोडा, संस्थेची गाडी, ऑफिस, कर्मचारी प्रचारात वापरू नका, आणि लोकांना आधी सांगा, त्यांना पेपरमधून कळू देऊ नका.

१८. थकलेय. सोडून दुसरी नोकरी घ्यायची आहे पण अपराधी वाटतं.

सोडा. झोप लागत नाही, लोकांचे फोन आले की राग येतो, असं महिनोन्महिने होत असेल तर आधी डॉक्टरला भेटा आणि लांब रजा मागा, कधी कधी तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर दुसरी नोकरी घेणं हा काही विश्वासघात नाही. नंतर परत येणारेही खूप असतात, आणि न येणारे प्रश्न १० मधलं काम करत राहतात.

पण निघताना नीट निघा. किमान दोन महिने आधी सांगा. चालू केसेसची यादी करा, पुढची तारीख, वकिलाचा नंबर, मूळ कागद कुणाकडे आहेत. लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेले मूळ दाखले, सातबारे, पासबुकं ज्यांची त्यांना परत करा आणि सही घ्या. बँकेत सही तुमची असेल तर ती बदला. आणि नव्या कार्यकर्त्याला घेऊन एकदा प्रत्येक गावात जा, ओळख करून द्या, तुमच्या नंबरवर येणारे फोन आता तिच्याकडे जातील हे बायकांच्या बैठकीत सांगा.